चौदा तासांची बैठक

मित्रांनो, गादीकडे कोणी पाहत नाही. दुकानात शिरलेला माणूस मालाकडे पाहतो, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो, फार तर भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहतो. गादीवर तो नुसता बसतो. म्हणून आज मीच तुम्हाला हाक मारते आहे. मी एक जुनी बैठक आहे. सोनईच्या पेठेत पुंजाराम कासारांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथे पांढरी खोळ घालून अंथरलेली कापसाची गादी म्हणजे मी. माझ्या पोटात गोदाकाठच्या गंगथडीचा कापूस आहे, आणि त्या कापसात एका माणसाची सोळा वर्षं दबून बसली आहेत.

माझा जन्म पिंजाऱ्याच्या धनुकलीवर झाला. अंगणात बसून त्याने कापूस असा पिंजला, की भर उन्हात अंगणभर ढग उतरले. ते ढग गोळा करून पुंजारामांच्या बायकोने, रंगुबाईंनी, मला शिवलं. रंगुबाईंची सुई चाले तशी जीभ चाले, आणि जीभ चाले तशी ओवी चाले. माझ्या पहिल्या टाक्याला त्यांनी ओवी घातली होती, ती अजून माझ्या शिवणीत आहे:

टाक्यावरी टाका, गादी शिवीते कापसाची
धन्याला माझ्या गं, सावली मिळो विसाव्याची

विसावा. हा शब्द लक्षात ठेवा बरं का. मी मात्र मध्यंतरी तो विसरले होते.

तोवर पुंजाराम फिरते कासार होते. पाठीवर बांगड्यांचं ओझं घेऊन आज या वस्तीला, उद्या त्या वस्तीला पायी जात. पेठेत दुकान झालं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर टेकले. पायांना वाटेची धूळ होती आणि अंग असं हलकं, की फांदीवर साळुंकी बसावी. मला भारसुद्धा जाणवला नाही.

आणि काय त्यांचा हात, मित्रांनो! समोर बाई बसली, की ते तिचा हात आपल्या हातात घेत. बोटं एकत्र आणत, अंगठा अलगद आत मुडपत, तळव्याचं हाड कुठे अडतं ते न बघता ओळखत. मग बांगडी अशी सरकत जाई, जसा उतारावरून पाण्याचा ओघळ. बाई बोलतच असे आणि चुडा भरून झालेला असे. शेवटी हिशेबाबाहेरची एक बांगडी चढवून ते म्हणत, "ही माझ्याकडनं." मग बाई पदर पुढे घेऊन बांगड्यांना नमस्कार करी.

आमच्या दुकानाची एक रीत होती. बांगडी 'फुटली' असं तिथे कोणी म्हणायचं नाही. बांगडी 'वाढली' म्हणायचं. नारळ वाढतो, तशी बांगडी वाढते. काचेचा धंदा करणाऱ्याने तोंडातून फुटकं अक्षर काढू नये, असं पुंजारामांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. पण पहिल्या दहा वर्षांत तो शब्द उच्चारायची वेळच क्वचित आली.

दुकान चालू लागलं आणि पुंजाराम बसू लागले. आधी वस्त्यांवर जाणं बंद झालं. मग जेवायला घरी जाणं बंद झालं. रंगुबाई भाकरी दुकानात आणून देत आणि ते माझ्यावर बसूनच जेवत. पाणी हवं असलं तरी हात लांब करत. उठायला लागू नये म्हणून सगळा माल त्यांनी हाताच्या टप्प्यात मांडून घेतला. हळूहळू माझ्या मधोमध एक खळगा पडला. आधी परातीएवढा, मग घमेल्याएवढा. मला त्या खळग्याचा अभिमान वाटे. आपल्यावाचून या माणसाचं पान हलत नाही, असं वाटे. मला रोज उचलून झटकायची रीत मोडली, उन्हात घालणं सणासुदीवर आलं, याचंही मला काही वाटलं नाही.

शेजारी भिमाजी शिंपी होते. वयाने पुंजारामांपेक्षा चांगले आठ वर्षांनी मोठे. त्यांचाही धंदा बसूनच. पण दुकान उघडण्याआधी तालमीत जाऊन आल्याशिवाय ते मशीनच्या चाकाला हात लावत नसत. कपाळाला तांबडी माती तशीच असे. आमच्या दुकानावरून जाताना ते टोमणा मारत, "काय आप्पा, गादीवर मुळ्या फुटल्या का तुला?"

पुंजाराम म्हणत, "धंदा हाय बाबा. तुझ्यावानी शड्डू ठोकाय येळ कुनाला हाय?"

मीही मनात म्हणे, बरोबर आहे! आम्हाला वेळ कुठे आहे?

मग ती बहात्तर सालची नागपंचमी आली. पावसाने दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली होती. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे काचेची बांगडी टिकत नाही, म्हणून बाजारात प्लास्टिकच्या बांगड्या मिळू लागल्या होत्या. त्या कोणीही आपल्या हातानं चढवाव्यात, कासार कशाला लागतो? तरी पंचमीला काचेची बांगडी हवी, म्हणून बायका आल्या. त्यांत नदीपलीकडच्या माळवस्तीवरच्या छबूबाई होत्या, लेकीला, मुक्ताला, घेऊन. त्यांच्या घरचा चुडा तीन पिढ्या पुंजारामांच्याच घरातल्या हातांनी भरलेला.

पुंजारामांनी मुक्ताचा हात धरला आणि मला त्यांच्या मांडीतून एक कंप जाणवला. तसा तो काही दिवस जाणवतच होता. बोटांना मुंग्या येत, मान आखडे, खाली वाकलं की पोट आड येई आणि श्वास अपुरा पडे. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगायची गरज नव्हती.

एक बांगडी वाढली. दुसरी वाढली. तिसरी वाढली ती मुक्ताच्या मनगटात रुतली. रक्ताचा एक थेंब माझ्या पांढऱ्या खोळीवर पडला.

"धड हात बी धरता येईना का पोरीला?" पुंजाराम मुक्तावरच खेकसले. असं ते पूर्वी कधी बोलले नव्हते. दुकानातल्या बायका गप्प झाल्या.

छबूबाईंनी लेकीचं मनगट पदराने दाबून धरलं. त्या सावकाश म्हणाल्या, "आप्पा, राग मानू नका. वैशाखात हिचं लगीन धरलंय. चुडा तुमच्याच हातचा, आसं माझ्या सासूनं मला सांगून ठिवलंय. पर लगनाच्या चुड्यात एक जरी बांगडी वाढली, तर इहीनबाई काय म्हनंल? तवर हात बरा झाला तर ठीक. न्हाईतर मला घोडेगावचा कासार बघावा लागंल."

त्या गेल्या. पुंजाराम बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. मित्रांनो, शेतकऱ्याची जमीन बांधावर असते, सगळ्यांना दिसते. कासाराची जमीन म्हणजे त्याचे हे दोन तळहात. ते पडीक पडले, तर तो पोट कशावर भरणार? छबूबाईंचं घर सुटलं की माळवस्ती सुटणार होती आणि माळवस्ती सुटली की पेठेत बोभाटा होणार होता: पुंजारामाचा हात गेला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. तिथे शामकांत नावाचे तरुण डॉक्टर नव्यानेच आले होते. मी काही बरोबर गेले नव्हते. परत आल्यावर पुंजारामांनी रंगुबाईंना जे सांगितलं, तेच मी ऐकलं.

"हाड मोडल्यालं न्हाई. रगत खेळत न्हाई म्हनले. गोळ्या दिल्यात चार दिसांच्या. पर खरं औषिद एकच म्हनले, रोज सकाळी बैठक. नेमानं. काय बी होवो, बैठक मोडू नका म्हनले."

"बैठक?" रंगुबाई म्हणाल्या. "डाक्टरनं बसाय सांगितलं? आन् आतापत्तर काय करीत हुता?"

"तू डाक्टर हायस का? भायेर ही रांग हुती मान्सांची. त्येवढ्यात बी त्यांनी दोनदा सांगितलं, नेमानं."

काय सांगू, मी त्या दिवशी किती फुगले! मी औषध! दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध! पुंजारामांनी पिंजाऱ्याला बोलावून माझ्यात आणखी कापूस भरून घेतला. औषध भरपूर हवं ना! मी उशीसारखी गुबगुबीत झाले. पूर्वी ते आठला दुकान उघडत, आता सकाळी सहालाच येऊन माझ्यावर ठाण मांडू लागले. गिऱ्हाईक असो नसो. उठायची इच्छा झाली तरी दाबून धरत, "न्हाई न्हाई, बैठक मोडायची न्हाई." आणि मीही त्यांना माझ्या खळग्यात आणखी आत ओढून घेत असे. मायेनेच हो. पण मायेलाही अक्कल लागते.

दसरा गेला. हात अधिकच कापू लागला. आता तर बायका बांगड्या निवडत आणि म्हणत, "राहू द्या आप्पा, घरीच घालीन." कासाराला याहून मोठी शिवी नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी डॉक्टर शामकांत स्वतःच दुकानात आले. त्यांना बायकोसाठी बांगड्या हव्या होत्या. बांगड्या बघता बघता त्यांनी विचारलं, "काय पुंजाराम, हात कसा आहे?"

"हाय तसाच साहेब. तरास जरा वाढलाच म्हना."

"बैठका चालू आहेत ना?"

"चालू म्हंजे! येक दिवस खाडा न्हाई."

"रोज किती काढता?"

"किती म्हंजे? येकच."

"एकच?"

"व्हय. सकाळी सहाला बसतो, ते आठला दिवाबत्ती झाल्यावर उठतो. चौदा तासांची येकच बैठक. भाकर बी हितंच खातो."

डॉक्टर हातातली बांगडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. शेजारचं भिमाजींचं मशीन खटकन थांबलं. आणि मग भिमाजी असे हसले, की त्यांच्या दुकानापुढचं कुत्रं उठून पळालं.

"आरं आप्पा! डाक्टर दंडबैठका म्हनत्यात, दंडबैठका! उठबशा! आन् तू बसलायस व्हय अंड्यावरल्या कोंबडीवानी?"

"दंड?" पुंजाराम गांगरले. "दंड कशापायी? म्या काय गुन्हा केला?"

आता डॉक्टरांनाही हसू आवरेना. पण हसता हसता ते गंभीर झाले आणि माझ्या काठावर टेकले. म्हणाले, "चूक माझीही आहे पुंजाराम. घाईत बोललो. तुमच्या हाताला रोग नाही. मान खाली, पाठ वाकलेली, पाय मुडपलेले, असे तुम्ही दिवसभर बसता. रक्त फिरणार कुठून? रोज सकाळी उठबशा काढा. थोड्यापासून सुरू करा. तासाभराने या गादीवरून उठा, चार पावलं चाला, हात वर ताणा, मुठी उघडा-मिटा. आणि ही एवढी जाड गादी कशाला? हिच्यातून उठायलाच क्रेन लागेल!"

मित्रांनो, इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. मी औषध नव्हते. मीच दुखणं होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दुकानामागच्या अंगणात भिमाजी हजर झाले. पुंजारामांना तालमीत जायची लाज वाटत होती. पंचेचाळिसाव्या वर्षी पोरासोरांत उघडं कसं व्हायचं? भिमाजी म्हणाले, "नगं येऊस. चौकट धर आन् खाली बस. पुन्ना उठ. ह्येच्यात लाजन्यासारखं काय हाय?" रंगुबाई सडा टाकत होत्या. त्यांना राहवलं नाही. त्यांनी मोजायला ओवीच लावली:

पहिली गं बैठक, भुईमाईला नमस्कार
दुसऱ्या बैठकीला, गुडघ्या रे दे आधार
तिसरी गं बैठक, हिरव्यागार बांगडीची
चवथ्या बैठकीला, आण तुला रे चुड्याची

पाचव्या बैठकीला पुंजाराम चौकटीला धरून तिथेच टेकले. रंगुबाई म्हणाल्या, "अवो, पाचवी ओवी तयार हाय. बैठक कुठं गेली?"

त्या दिवशी चार झाल्या. आठ दिवसांनी दहा. रंगुबाईंच्या ओव्या संपल्या की त्या नव्या रचत. कधी त्यांत भिमाजींच्या मिशा येत, कधी डॉक्टरांचा चष्मा येई, आणि पुंजाराम हसता हसता आणखी दोन काढत.

माझंही रूप पालटलं. रंगुबाईंनी एक दिवस माझी शिवण उसवली आणि माझ्यातला जादाचा कापूस ओंजळी-ओंजळीने बाहेर काढला. मला वाटलं, संपलं आपलं. पण त्या कापसाची त्यांनी एक छोटी खांदागादी शिवली, ओझ्याखाली घ्यायला. कारण आता पुंजाराम आठवड्यातून दोनदा सकाळच्या वेळी बांगड्यांचं ओझं घेऊन जवळच्या वस्त्यांवर पायी जाऊ लागले होते. पूर्वीसारखं. अशी मी अर्धी दुकानात राहिले आणि अर्धी त्यांच्या खांद्यावर गेले. पायाखालची वाट कशी असते ते मला तेव्हा कळलं. कापसाला उन्हाचा वास येतो आणि माणसाच्या छातीचे ठोके खांद्यापर्यंत ऐकू येतात, हेही तेव्हाच कळलं.

दुकानात बदल झाला तो आधी हातात दिसला नाही, आवाजात दिसला. पुंजाराम खेकसेनासे झाले. झोप लागू लागली, भूक लागू लागली. बसलेल्या बायका पुन्हा गप्पा मारू लागल्या. मग खडीवरच्या बाया म्हणू लागल्या, आप्पा आमच्या वस्तीवर कधी येणार? त्यांना पेठेत यायला दिवस मोडवत नव्हता. दुकान त्यांच्याकडे जाऊ लागलं, कारण दुकानदाराला पाय फुटले होते. आणि पौष लागेतो बोटांच्या मुंग्या गेल्या.

पण माणूस तो माणूस! संक्रांत आली. बांगड्यांचा मोठा हंगाम. पुंजाराम म्हणाले, "आजचा दिवस ऱ्हाऊ द्या बैठका. धंद्याचा दिस हाय." दुसऱ्या दिवशीही धंद्याचाच दिवस होता. तिसऱ्याही. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एक बांगडी वाढली आणि पुंजारामांचं तोंड उतरलं.

भिमाजी मशीनमध्ये तेल सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "आप्पा, म्या ह्या मशिनीला रोज दोन थेंब त्याल देतो. हंगामात तर चार देतो. सनाच्या दिशी दोन थेंब चुकवले आन् म्हनलं, म्हैन्याचं त्याल येकदम वततो, तर चालंल का? कापडाची पार वाट लागंल."

पुंजारामांनी वाढलेल्या बांगडीचे तुकडे वेचून बाजूला ठेवले. दुसऱ्या पहाटे अंगणात ओवी ऐकू आली आणि त्यानंतर ती थांबली नाही. होळीला नाही, पाडव्याला नाही. धंद्याच्या दिवशी तर मुळीच नाही.

मग आला वैशाख. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायचा होता. छबूबाईंनी निरोप धाडला: "आप्पा, येनार असाल तर या. पर गाडी धाडता येत न्हाई. बैलं चाऱ्याच्या छावनीला हायती." माळवस्ती दोन कोसांवर. मध्ये कोरडी नदी, पुढे खडकाळ चढ. भिमाजींनी सायकल देऊ केली, पण त्या वाटेवर सायकल ढकलायलाच दुसरा माणूस लागला असता. पुंजाराम सकाळी अंगणात चाळीस बैठका काढून निघाले. खांद्यावर मी, माझ्यावर हिरव्या बांगड्यांचं ओझं. चढावर त्यांनी एकदाच ओझं उतरवलं, तेही वस्तीवरच्या म्हाताऱ्याला रामराम करायला.

मांडवात बायकांनी गलका केला. "अगं बया, आप्पा चालत आले! आमी तर चार गडी धाडनार हुतो, गादीसकट उचलून आनाय!"

"गादी आनलीय की," पुंजाराम म्हणाले आणि मला खांद्यावरून काढून खाली ठेवलं. बसायला बायकांनी पाट दिला होता, पण ते माझ्यावरच टेकले.

समोर मुक्ता बसली. तिने हात पुढे केला आणि पुंजाराम थबकले. मलाही ते थबकणं जाणवलं. गेले सहा महिने ती पोर खडी फोडत होती. तळवा सुजलेला, घट्टे पडलेले, अंगठ्याचं हाड दगडासारखं ताठ. असा हात मऊ करायचा आणि त्यात लग्नाचा चुडा भरायचा, दोन्ही हातांत डझन-डझन, एकही न वाढता. पाठीमागे छबूबाई उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी नवरदेवाची आत्या, डोळे बांगड्यांवर रोवून.

बायकांनी गाणं धरलं:

कासारदादा रे, धर हात हळुवार
लेकीच्या मनगटी माझ्या, सारा माहेरचा भार

पुंजारामांनी तेलाचं बोट तळव्यावर फिरवलं. हळूहळू, बाळाची टाळू भरावी तसं. एक बांगडी चढली. दुसरी चढली. डावा हात भरला. उजव्या हातात सात झाल्या आणि मित्रांनो, मला त्यांच्या मांडीतून तो ओळखीचा कंप जाणवला. बारीक, पण तोच. मुंग्या येऊ लागल्या होत्या. पूर्वीचे पुंजाराम असते तर दात आवळून तसेच पुढे गेले असते. लोक काय म्हणतील म्हणून.

त्यांनी मुक्ताचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला आणि ते उठले. गाणं अर्ध्यावर थांबलं. पुंजारामांनी धोतराचा काचा मारला, मांडवाच्या मेढीशी उभे राहिले आणि भर मांडवात, पन्नास बायकांसमोर, बैठका काढू लागले.

एक, दोन, तीन. आधी कोणाला कळेचना. मग हशा असा पिकला की मांडवाचे डहाळे हलले. नवरदेवाची आत्या पदरात तोंड घालून हसत होती. छबूबाईंचा मात्र जीव टांगणीला लागला होता. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "आप्पा, आवो ह्ये काय चालवलंय?"

"बैठक मोडतो बाई," पुंजाराम खाली-वर होता होता म्हणाले, "म्हंजी बांगडी वाढायची न्हाई."

दहा झाल्या. त्यांनी हात वर ताणले, दोन्ही मुठी पाच-सात वेळा उघडल्या-मिटल्या, घोटभर पाणी प्यायले आणि परत माझ्यावर येऊन टेकले. मांडीतला कंप गेला होता. ते अंग मला कसं वाटलं सांगू? फांदीवर बसलेली साळुंकी. सोळा वर्षांपूर्वीची.

आठवी बांगडी चढली. नववी, दहावी, अकरावी. बारावीला अंगठ्याचं हाड आडवं आलं. पुंजारामांनी मुक्ताला विचारलं, "बाई, सासरी गेल्यावर पयल्यांदा कुनाची आठवन येईल गं?" ती दचकून आईकडे पाहू लागली, हात ढिला पडला आणि बांगडी सरकून मनगटावर जाऊन बसली.

एकही वाढली नव्हती. पुंजारामांनी वरची एक चढवली. "ही माझ्याकडनं." मुक्ताने वाकून चुड्याला नमस्कार केला, मग कासाराला केला. छबूबाई डोळे पुसत होत्या. नवरदेवाची आत्या पुढे सरकून आपला हात लांब करत म्हणाली, "आप्पा, माझ्या बी दोन जुन्या झाल्यात. आन् आमच्या गावाला याल का वो? लांब हाय जरा."

"लांब असू द्या," पुंजाराम म्हणाले. "लांबच असाय पायजे."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. छबूबाईंचं घर सुटलं नाही, माळवस्ती सुटली नाही. प्लास्टिकच्या बांगड्या बाजारात आहेतच, त्या राहतील. पण हातात हात घेऊन भरलेला चुडा त्यांना देता येत नाही. आमच्या दुकानात आता तासातासाला एक गंमत होते. भिमाजी शेजारून ओरडतात, "आप्पा, मोड रे बैठक!" की पुंजाराम उठतात, ओट्यावर चार फेऱ्या घालतात. बसलेल्या बायकांनाही सवय झाली आहे. त्याही उठून कंबर सरळ करतात.

तेवढा वेळ मी रिकामी असते. आधी मला त्या रिकामपणाचं वाईट वाटे. आता त्या वेळात माझा दबलेला कापूस हळूच वर येतो, मला श्वास घेता येतो. खळगाही भरून आला आहे. रंगुबाई मला रोज सकाळी उचलून झटकतात, उन्हात घालतात, उलटी करून अंथरतात. झटकताना ओवी म्हणतात. कसर लागलेली नाही, वास नाही. पिंजारी परवा म्हणाला, "ही गादी अजून वीस वर्षं निघंल." त्याच वेळी पुंजाराम मागच्या अंगणात होते आणि रंगुबाई पन्नासावी ओवी म्हणत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं दुकान असेल. वडील गल्ल्यावर बसत असतील, आई मशीनवर, काका सोनाराच्या भट्टीपाशी. त्यांना माझा निरोप सांगा. गादीला विसाव्यासाठी शिवलेलं असतं, मुक्कामासाठी नाही. आम्हाला रोज उचला, झटका, ऊन दाखवा. स्वतःलाही तसंच करा. सणाच्या दिवशीही करा, हंगामात तर नक्की करा. ज्याची बैठक रोज मोडते, त्याचं दुकान मोडत नाही.

आणि हो, हे सगळं तुम्हीही बसूनच वाचलं असणार. किती वेळ झाला? उठा बरं जरा. तुमच्या खाली जी कोणी असेल, तिलाही थोडा श्वास घेऊ द्या.